कासव सावकाश आजारी पडतं

मत्स्यालयाच्या दुकानात कासव घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला एक गोष्ट हमखास सांगितली जाते: याला काही लागत नाही. फिरायला न्यावं लागत नाही, भुंकत नाही, केस गळत नाहीत, चार दिवस गावाला गेलात तरी बिघडत नाही. मग दहा रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं, हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं ते पिल्लू प्लास्टिकच्या डब्यातून घरी येतं. डब्यात मधोमध एक बेट, बेटावर प्लास्टिकचं नारळाचं झाड, आणि सोबत वाळवलेल्या सुकटीसारख्या खाऊची डबी. दुकानदार खोटं बोलतो असं म्हणता येणार नाही. पुढचे कित्येक महिने खरोखरच काही होत नाही. माझा मुद्दा असा, की कासवाच्या बाबतीत हे ‘काही होत नाही’ हेच सर्वांत फसवं असतं. कासव चिवट आहे यात शंका नाही. पण हा चिवटपणा म्हणजे गैरसोयीत ठणठणीत राहण्याची ताकद नव्हे. ते गैरसोय सोसत सोसत खंगत जातं आणि त्याचं ते खंगणं घरातल्यांना जगणं वाटत राहतं. म्हणून कासव बरं आहे की नाही हे नुसतं त्याच्याकडे बघून कळत नाही. त्याला ठेवलेल्या जागेकडे बघावं लागतं, आणि तेही थर्मामीटर, वजनकाटा घेऊन.

याचं कारण त्याच्या शरीराच्या जमाखर्चात आहे. कुत्रा, मांजर, माणूस यांच्या अन्नाचा मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात खर्ची पडतो. कासव ही उष्णता बाहेरून घेतं, उन्हातून, तापलेल्या दगडावरून, कोमट पाण्यातून. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्यापेक्षा कितीतरी कमी अन्नात त्याचं भागतं. दाणापाणी तुटलं तर चिमणी एक-दोन दिवसांत मरते, मोठं कासव महिनोन्‌महिने तग धरतं. या काटकसरीची दुसरी बाजू अशी, की पचन, वाढ, जखम भरून येणं, जंतूंशी झुंजणं ही सगळी कामं बाहेरच्या तापमानावर अवलंबून राहतात. आपल्याकडच्या दुकानांत दिसणारं कासव बहुधा ‘रेड-इअर्ड स्लायडर’ हे मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं पाणकासव असतं. त्याला ऊन खायच्या जागी सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस आणि पाण्यात २४ ते २८ अंश लागतात. दोन्ही एकाच वेळी हवेत, कारण दिवसभर एकातून दुसऱ्यात जा-ये करूनच ते आपलं तापमान जमवतं. सगळीकडे सारखंच तापमान असलेल्या टबात ही सोयच उरत नाही. शिवाय त्याच्याकडे साठे मोठे असतात. अ-जीवनसत्त्व यकृतात, कॅल्शियम हाडांत. आणि कवच हे हाडच आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या पसरून, एकमेकांना जोडल्या जाऊन ते बनतं आणि वरून नखासारख्या पदार्थाच्या ढलप्यांनी झाकलेलं असतं. खाण्यातून कॅल्शियम मिळेनासं झालं की शरीर ते हाडांतून आणि कवचातून काढत राहतं. मुदत ठेवी मोडून घर चालवणाऱ्या माणसाचं राहणीमान शेजाऱ्यांना बराच काळ पूर्वीसारखंच दिसतं, तसं हे चालतं.

हे नुसतं तर्काने सांगायची गरज नाही. ब्रिटनमध्ये याचा एक भलामोठा, कुणी न ठरवता झालेला प्रयोग होऊन गेला आहे. सेलबर्न गावचे पाद्री आणि निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांना १७८० मध्ये आपल्या आत्याकडून टिमथी नावाचं भूमध्यसागरी जातीचं जमिनीवरचं कासव वारशाने मिळालं. आत्याच्या भिंतबंद बागेत ते आधीच कित्येक वर्षं राहिलेलं होतं. व्हाइट १७९३ मध्ये गेले, टिमथी त्यांच्यानंतर वर्षभर जगलं. त्याचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे, आणि ते तपासल्यावर टिमथी मादी होती हेही उघड झालं. व्हाइट यांचं १७८९ चं सेलबर्नवरचं पुस्तक इंग्रज वाचकांच्या घराघरांत गेलं आणि बागेतलं कासव म्हणजे म्हातारं होईपर्यंत जगणारा बिनतक्रार सोबती ही समजूत पक्की झाली. पुढे विसाव्या शतकात याच जातीची कासवं उत्तर आफ्रिकेतून आणि तुर्कस्तानातून खोकी भरभरून, दरवर्षी हजारोंनी ब्रिटनमध्ये आली आणि स्वस्तात विकली गेली. त्यांतली बहुसंख्य पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतच मेली. उन्हाळ्यात ती अंगणात सॅलडची पानं खाताना दिसत, म्हणून मालकाला सगळं छान वाटे. शरद ऋतूत त्यांना पेंढ्याच्या पेटीत निजवलं जाई आणि वसंतात पेटी उघडल्यावर आतलं कासव उठत नसे. थंड, दमट उन्हाळ्यात त्यांना पचनापुरतीसुद्धा ऊब मिळालेली नसायची, अंगात साठा झालेला नसायचा. ऑलिफंट जॅक्सन या पशुवैद्याने अखेर कवचाची लांबी आणि वजन यांचं कोष्टक मांडलं. अमुक लांबीच्या कासवाचं वजन अमुक ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला झोपवू नका, इतकं साधं. ते कोष्टक त्या भूमध्यसागरी जातींपुरतंच आहे, आपल्याकडच्या कासवांना लावायचं नाही. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या नजरेला जे कळलं नाही ते एका फूटपट्टीने आणि काट्याने कळलं. अशा कासवांची व्यापारी आयात १९८४ मध्ये बंद झाली.

इथे आपल्याकडचा वाचक एक सयुक्तिक शंका काढेल. गावाकडच्या विहिरीत पाणी स्वच्छ राहावं म्हणून कासव सोडायची जुनी रीत होती. त्या कासवाला ना दिवा होता ना थर्मामीटर, तरी ते आजोबांच्या वेळेपासून होतंच की! याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे विहिरीची आणि टबाची बरोबरीच होत नाही. विहिरीत हजारो लिटर पाणी असतं, त्यात बेडूक, किडे, शेवाळ, पडलेला पाला असतो, आणि खोल पाण्याचं तापमान भर उन्हाळ्यातही फारसं हलत नाही. शिवाय ते कासव इथलंच, इथल्या ऋतूंना सरावलेलं. दुसरं उत्तर अधिक महत्त्वाचं आहे. आपल्याला आठवतं ते जगलेलं कासव. जे सहा महिन्यांत तळाला गेलं त्याची गोष्ट कुणी नातवंडांना सांगितली नाही. टिमथीचं नाव राहिलं आणि खोक्यांतल्या हजारोंचं राहिलं नाही, तोच प्रकार. दीर्घायुष्याच्या कथा जगून उरलेल्यांच्याच असतात, त्यांच्या आधारे किती जगतात याचा अंदाज बांधता येत नाही. आता तर या रीतीला कायद्यानेही जागा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतातली रानातली, नदी-तळ्यातली कासवं पकडणं आणि घरी ठेवणं गुन्हा आहे, मग ते शेतात आपणहून आलेलं का असेना.

आता घराकडे वळू, आणि सुरुवात उजेडापासून करू, कारण सर्वांत जास्त गफलत तिथेच होते. कॅल्शियम पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं असं नाही. ते आतड्यातून शोषलं जायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार व्हायला सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचा ‘यूव्ही-बी’ हा भाग लागतो. अनेक घरांत टब खिडकीशी ठेवलेला असतो. सकाळचं ऊन थेट पडतं, कासव बेटावर चढून मान लांब करून, मागचे पाय ताणून पडतं, सगळं यथास्थित वाटतं. पण मधली काच बंद असते. खिडकीची काच उजेड आणि ऊब आत सोडते, यूव्ही-बी मात्र जवळजवळ पूर्ण अडवते. कासव ऊन खातं आणि त्याला त्यातलं जे हवं तेच मिळत नाही. साध्या बल्बमधून ऊब मिळते, घरातल्या एलईडी ट्यूबमधून उजेड, यूव्ही-बी दोन्हींतून मिळत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच्या खास दिव्यातून ते मिळतं, पण तो दिवा डोळ्यांना तितकाच लख्ख दिसत असताना त्यातलं यूव्ही-बी सहा महिने ते वर्षभरात बरंच उतरलेलं असतं. म्हणून तो बंद पडायची वाट न बघता बदलावा लागतो. मध्ये काच किंवा प्लास्टिकचं झाकण आलं तर नवा दिवाही फुकट. ही कमतरता महिनोन्‌महिने चालली की कवचाच्या कडा वर वळू लागतात, अंगठ्याने हलकेच दाबलं तर पाठ किंचित दबते, जबडा मऊ पडल्याने कडक खाणं तोंडातून निसटतं, मागचे पाय ओढले जातात. अगदी लहान पिलाचं कवच थोडं लवचीक असतंच, पण वर्ष उलटल्यावर ते दबत असेल तर लक्षण वाईट. या टप्प्याला मालक डॉक्टरकडे येतो आणि म्हणतो, परवापर्यंत चांगलं होतं.

‘दिवेबिवे ही थंड देशांची थेरं, आपल्याकडे ऊन काय कमी आहे?’ हा आक्षेप निम्मा खरा आहे आणि ते निम्मं मोकळेपणाने मान्य करायला हवं. ज्याच्याकडे गच्ची किंवा अंगण आहे, त्याने उघड्यावर बांधलेली टाकी, तिच्यात चढता येईल असा दगड आणि निम्म्या भागावर सावली एवढं केलं, तर कुठलाही दिवा त्याची बरोबरी करणार नाही. सावलीची अट मात्र सोडता येत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, उघड्या उथळ टबातलं पाणी तासाभरात चटका बसेल इतकं तापतं, आणि टबातल्या कासवाला पळायला जागा नसते. कावळे, घारी, मांजरं, घुशी यांच्यासाठी वर जाळी लागते. पण बहुतेक कासवं गच्चीवर राहत नाहीत. ती फ्लॅटमध्ये, एसी असलेल्या खोलीत, फरशीवर असतात. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ऊन नसतं. पुण्या-नाशिकला डिसेंबरच्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात. अशा वेळी कासव खाणं सोडतं आणि घरातले म्हणतात, शीतनिद्रेत गेलं. खऱ्या शीतनिद्रेला सलग थंडी लागते आणि त्याआधी पोट रिकामं झालेलं लागतं. आपला हिवाळा रात्री गार, दुपारी उबदार. कासव धड झोपत नाही, धड पचवत नाही, पोटातलं अन्न तसंच पडून राहतं. त्यातच छातीत कफ होतो. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, पायांच्या आणि पोटाच्या स्नायूंनी फुप्फुसं हलवून ते श्वास घेतं आणि खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, आणि पोहताना एका बाजूला कलणं, म्हणजे एका फुप्फुसात पाणी किंवा पू भरल्याने ती बाजू जड झालेली. कलून पोहणारं कासव पाहून ‘बघा कसं मजेत तरंगतंय’ म्हणणारे असतात. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं असतं, आणि तिथेही औषधाइतकीच ऊब लागते, कारण गार शरीरात औषधही धड काम करत नाही.

जागेचा हिशेब दुकानात कुणी सांगत नाही. नाण्याएवढं दिसणारं ते पिल्लू मादी असेल तर २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतं, नर थोडा लहान राहतो. कवचाच्या दर अडीच सेंटीमीटरमागे सुमारे ४० लिटर पाणी हा पाळणाऱ्यांमधला रूढ ठोकताळा आहे. म्हणजे पूर्ण वाढलेल्या मादीला किमान ४०० लिटर. एवढ्या पाण्याचं वजनच ४०० किलो होतं, टाकी आणि दगड वेगळे, तेव्हा गॅलरीच्या स्लॅबचाही विचार करावा लागतो. कासव खातं तिथेच घाण करतं आणि माशापेक्षा कितीतरी जास्त करतं, त्यामुळे माशांच्या टाकीचा छोटा फिल्टर त्याला पुरत नाही. ऊन खायची जागा पूर्ण कोरडी हवी, कारण कायम ओलं, घाण पाण्यातलं कवच कुजायला लागतं. एक गोष्ट तर कित्येक वर्षं पाळणाऱ्यांनाही माहीत नसते. नर कधीही सोबत नसला तरी मादी अंडी धरते, आणि ती घालायला तिला उकरता येईल अशी माती लागते. माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि त्यात ती मरूही शकते. आपलं कासव ‘तो’ आहे असं धरून चाललेल्या घरांत हे ध्यानात यायला फार उशीर होतो. बाकी एक काळजी माणसांसाठीची. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत लहान मुलांना त्यापासून इतका त्रास झाला, की १९७५ पासून तिथे चार इंचांहून लहान कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही आणि हात लावला की साबणाने धुवायचे, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

खाण्याबद्दलची फसगत अधिक गोड आहे, कारण ती प्रेमातून होते. डबीतला वाळवलेला झिंगा कासवाला इतका आवडतो, की तो दिला की ते काचेला धडका देत येतं आणि घरातल्यांना ते आपल्याला ओळखतं असं वाटतं. ओळखतही असेल. पण नुसत्या त्या झिंग्यावर वाढलेल्या कासवाला अ-जीवनसत्त्व कमी पडतं, पापण्या सुजतात, डोळे मिटतात, आणि पाण्यात दिसेनासं झालेलं कासव खायचं थांबतं. मालक डोळ्यांत थेंब घालत बसतो, कारण रोग डोळ्यांचा दिसतो. यावर घरच्या घरी जीवनसत्त्वाचा मारा करणंही घातक, जास्त झालं तर कातडी सोलून निघते. स्लायडर लहानपणी जास्त करून किडे-मासे खातो आणि मोठेपणी जास्त करून पाला, म्हणून वाढत्या वयात ताटही बदलावं लागतं. जमिनीवरच्या कासवांचं पोट गवत-पाल्यावरच चालतं. जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, निवडुंगाचे काटे काढलेले पंजे, हरळी हे त्यांना मानवतं. पालक मात्र रोज देऊ नये, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. पोळी, भात, दूध, ब्रेड ही आपली माया, त्यांचं अन्न नव्हे. कॅल्शियमसाठी महागडी परदेशी ठोकळी घेतली नाही तरी चालतं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं समुद्रफेन, म्हणजे माकुळासारख्या प्राण्याच्या पाठीतलं पांढरं हाड, हे कॅल्शियम कार्बोनेटच आहे, त्याचा तुकडा कासव हवा तेव्हा कुरतडतं. आणि या सगळ्याचा ताळा घ्यायला स्वयंपाकघरातल्यासारखा एक वेगळा वजनकाटा आणि वही. दर आठवड्याला वजन, महिन्याला कवचाची लांबी. वाढत्या वयाच्या पिलाचं वजन दोन महिने हललं नसेल तर ते कितीही उड्या मारत असो, काहीतरी चुकतंय.

घराचा परिणाम शरीरावर किती थेट होतो याचं सर्वांत बोलकं उदाहरण जमिनीवरच्या कासवांचं आहे. पाळीव कासवांच्या पाठीवरच्या प्रत्येक ढलपीचा शंकू होऊन पाठ डोंगररांगांसारखी उंचसखल होते. हे जास्त प्रथिनांमुळे होतं असं सगळे वर्षानुवर्षं सांगत होते आणि लोक आहार काटत होते. २००३ मध्ये व्हिएन्नातल्या दोन संशोधकांनी आफ्रिकी स्पर्ड जातीची पिल्लं वेगवेगळ्या प्रमाणात प्रथिनं देऊन आणि वेगवेगळ्या दमटपणात वाढवून पाहिली. कोरड्या हवेतल्या पिलांच्या पाठी शंकूंनी भरल्या, दमट हवेतल्यांच्या बऱ्याच सपाट राहिल्या, आणि प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. वाळवंटाच्या कडेला राहणारा हा प्राणी, म्हणून त्याला कोरडं ठेवा असा सगळ्यांचा समज होता. पण रानात त्याची पिल्लं दिवसाचा बराच वेळ बिळात आणि गवताच्या बुडाशी, ओलसर जागी काढतात. आपण पाहत होतो वरचं वाळवंट, त्याचं घर होतं जमिनीखाली. आपल्याकडचं तारांकित कासव यात आणखी घोटाळा करतं, कारण त्याच्या पाठीला मुळातच थोडे उंचवटे असतात, त्यामुळे बिघडलेली पाठही लोकांना जातिवंत वाटते. हे कासव गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या झुडपी माळरानांवरचं. पाठीवरच्या पिवळ्या चांदण्यांनीच त्याचा घात केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या एकाच केंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार तारांकित कासवं पकडली जात असल्याचा अंदाज होता. २०१९ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात ते गेलं, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारी व्यवहार बंद झाला. घरात ठेवणं तर आधीपासून गुन्हा आहेच. त्याऐवजी आफ्रिकी स्पर्ड कासवाचं पिल्लू विकणारे भेटतात. ते मोठेपणी ४० किलोंच्या वर जाऊ शकतं, अंगण उकरून मीटर-मीटर खोल बीळ करतं, आणि साइट्सच्या यादीत असल्याने २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, एवढं सगळं करायचं तर सामान्य माणसाने कासव पाळायचंच नाही का? माझं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि ते कडू करून सांगण्यात अर्थ नाही. मोठी टाकी, उन्हाची जागा किंवा दिवे, सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असलेला डॉक्टर आणि वीस-तीस-चाळीस वर्षांची तयारी, हे ज्याच्याकडे आहे त्याने जरूर विचार करावा. पाचवीतल्या मुलाच्या हट्टाने आणलेलं कासव तो मुलगा संसाराला लागेपर्यंत घरात असू शकतं, हे आणणाऱ्याने आधी मोजावं. वास्तुशास्त्राच्या सांगण्यावरून उत्तर दिशेला ठेवायला आणणाऱ्यांसाठी तर पितळी कासव बाजारात आहेच. त्याला ताटलीत पाणी घालून ठेवलं की झालं, दिशाही चुकत नाही. पण ज्यांच्याकडे कासव आलेलंच आहे त्यांना ‘घ्यायला नको होतं’ असं सांगून उपयोग नाही. त्यांनी आज डब्यातलं नारळाचं झाड काढावं, खोल पाणी आणि कोरडा दगड द्यावा, बंद खिडकीशी ठेवण्यापेक्षा रोज गच्चीवर सावली ठेवून उघडं ऊन द्यावं आणि आजपासून वजन लिहावं. यांतल्या बऱ्याच गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

उरतो शेवटचा आणि सर्वांत सद्भावनेचा आक्षेप: झेपत नसेल तर निदान तळ्यात, मंदिराच्या कुंडात सोडून मोकळं करावं. स्लायडरच्या बाबतीत हे त्याच्यावर आणि इथल्या पाण्यावर, दोघांवर अन्याय करणारं आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक परक्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली, तोवर तिथली तळी घरातून काढून टाकलेल्या कासवांनी भरू लागली होती. सोडलेलं कासव एक तर मरतं, नाही तर टिकून इथल्या कासवांच्या अन्नावर आणि ऊन खायच्या दगडांवर हक्क सांगतं. केरळमध्ये ते कालव्यात सापडल्यावर केरळ वन संशोधन संस्थेने घराघरांतली स्लायडर स्वतःकडे जमा करून घ्यायला सुरुवात केली, तो मार्ग शहाणपणाचा आहे. आपल्याकडे आधी दुसरा जबाबदार पाळणारा शोधावा, प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचारावं. तारांकित किंवा दुसरं देशी कासव घरात असेल, भेट म्हणून आलं असेल, तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. ते जवळच्या टेकडीवर सोडून येण्याचा विचारही करू नये. वायव्येकडची आणि दक्षिणेकडची तारांकित कासवं अनुवंशाने वेगळी आहेत, चुकीच्या भागात सोडली तर त्यांची सरमिसळ होते. आणि घरात वर्षानुवर्षं राहिलेल्या कासवाच्या छातीतला जंतू रानातल्या कासवांत शिरू शकतो, म्हणून ते कितीही ठणठणीत दिसत असलं तरी आधी वेगळं ठेवून, रक्त आणि विष्ठा तपासून मगच कुठे पाठवायचं ते ठरवावं लागतं.